आषाढात पाहिलेला वारा

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात नोकरी केलेल्या माणसाला ‘एखादा किस्सा सांगा’ असं म्हणावं लागत नाही. तो खोकायला लागला की समजावं, आता येतोय! किस्से आम्ही जमवले नाहीत. छपराच्या वाशांवर काजळी साठते तसे ते आपोआप साठत गेले. एकाला हात लावला की चार अंगावर पडतात.

अकोल्याच्या एका जिनात मी काट्यावर कारकून होतो. शेतकऱ्यांच्या गाड्यांतला कापूस तोलून घ्यायचा आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, एवढंच काम. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, साहेब नागपुरात बसायचा आणि उन्हाळ्यात पचमढीला पळायचा. कापसाला सगळे सोनं म्हणायचे. सोन्याचा धूर निघतो म्हणतात ना, तो आम्ही रोज पाहिला. काळाच असतो.

आमची बैठक बॉयलरच्या मागच्या ओट्यावर. बापूराव डायव्हर, म्हणजे बॉयलर आणि इंजिन सांभाळणारा माणूस. रहीमभाई फिटर. मी. आणि संध्याकाळी पान खायला येणारे जोशी मास्तर. मास्तर पुण्याकडचे. शाळेत भूगोल शिकवायचे आणि शाळेच्या आवारात ठेवलेली सरकारी हवामानाची यंत्रं रोज सकाळी वाचून तार करायचे. बापूरावांची बायको रमाबाई. मास्तर सोडून आम्ही सगळे जिनाच्याच चाळीत राहायचो. रमाबाईला दमा होता. पुढं जे काही सांगतो त्यात कोणाचं काय पणाला लागलं होतं म्हणाल, तर त्या बाईचा श्वास. बाकीच्यांचं हसण्यावारी निभावलं.

* * *

आधी जिनाच्या जागेचा किस्सा. हा माझ्या नोकरीच्या आधीचा आहे, पण रहीमभाईंनी इतक्या वेळा सांगितला की मी तिथं होतो असंच मला वाटतं.

आमचे शेटजी माणूस वाईट नव्हते. हेच तर वाईट होतं! वाईट असते तर भांडता आलं असतं. त्यांनी जिन बांधायचं ठरवलं तेव्हा मजुरांसाठी चाळही बांधायची, आणि चाळीवर धूर जाता कामा नये, असं त्यांनी स्वतःहून ठरवलं. मुंबईहून एक इंजिनीअर बोलावला. तो आला आषाढात. पावसाळ्यात जिन बंद, शेटजींना सवड, म्हणून सगळी ठरवाठरवी आमच्याकडे पावसाळ्यात व्हायची.

इंजिनीअरनं मोकळ्या वावरात उभं राहून रुमाल हवेत धरला. रुमाल पूर्वेकडं फडफडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्वेकडं. तिसऱ्या दिवशीही तेच! मग त्यानं ठरवून टाकलं, धुराडं पूर्वेला, चाळ पश्चिमेला. धूर जाईल रानात. शेटजींनी खूश होऊन त्याला शाल दिली.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. पहिला भोंगा झाला, नारळ फुटला, धुराड्यातून धूर निघाला, थोडा वर गेला, वळला आणि सरळ चाळीच्या दारात येऊन उभा राहिला. आषाढातला वारा पश्चिमेचा असतो, थंडीतला पूर्व-उत्तरेचा, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही गुराख्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण जिन चालतं कधी, हे इंजिनीअरनं विचारलं नाही आणि वारा फिरतो कधी, हे शेटजींनी.

शेटजींनी धुराड्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “इंजिनीअर तो बराबर था. वाराच चुकला!”

* * *

रमाबाईचं माहेर अमरावतीच्या पुढं, रिद्धपूरच्या वाटेवर. माळ्याचं घर, मळा, विहीर, शेवंतीचे ताटवे. लग्न होऊन आली तेव्हा खणखणीत होती. पहिल्या हंगामात खोकला लागला, दुसऱ्यात दमा. पावसाळा आला की बाई पुन्हा गाणं म्हणत जात्यावर बसायची, आणि दिवाळी सरली की दाराच्या चौकटीला धरून उभी.

तिचा तोंडाचा पट्टा मात्र दम्यालाही बंद करता आला नाही. एकदा संक्रांतीच्या आधी चाळीतल्या बाया लुगड्यांची चर्चा करत होत्या. संक्रांतीला काळं नेसायचं असतं, आणि नवी चंद्रकळा कोणाला परवडत नव्हती. रमाबाई धापा टाकत म्हणाली, “कायले इकत घेता वं! पांढरं धुवून दोरीवर टाका. संध्याकाळलोक चंद्रकळा होते.”

बाया हसल्या. त्या वर्षी हळदीकुंकवाला वाटलेल्या तिळगुळावरही काजळीचा थर होता. एका म्हातारीनं वडी हातात घेऊन उजेडात धरली आणि विचारलं, “हे काळे तीळ कोनासाठी करून ठेवले बाई?” काळे तीळ कशाला लागतात ते सगळ्यांना ठाऊक. त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

* * *

जोशी मास्तरांना शिकवायची खोड. एका थंडीत उत्तरेकडून गारठ्याची लाट आली. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, वारा पडलेला, आणि धूर चाळीच्या कौलांवर बसून राहिलेला. सकाळी शेजारचं दार दिसायचं नाही. मास्तर ओट्यावर बसून समजावू लागले.

“असं बघा, उत्तर हिंदुस्थानातली थंड, जड हवा इथपर्यंत येऊन बसली आहे. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. म्हणजे आपल्या गावावर झाकण बसलं आहे. धूर वर जातो, झाकणाला लागतो आणि खाली पसरतो.”

बापूराव मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मास्तर, तुमी रोज सरकारले तार करता ना?”

“करतो.”

“मंग एका तारेत लिवा ना, का झाकण उघडा म्हनून! आमी त गरीब मानसं, आमचं कोन आयकते?”

मास्तर हसले. बापूराव हसले नाहीत. ते खरंच विचारत होते. मास्तरांच्या ते उशिरा लक्षात आलं, आणि तेव्हापासून त्यांनी ओट्यावर भूगोल शिकवायचं बंद केलं.

* * *

पण झाकण उघडण्याचा एक रस्ता मास्तरांच्याच तोंडून बापूरावांना कळला होता. बंगालच्या समुद्रात वादळ उठलं आणि मद्रासच्या किनाऱ्याला धडकलं की त्याचे ढग वऱ्हाडापर्यंत येतात, वारा सुटतो, रात्री उबदार होतात आणि धूर उडून जातो. झालं! त्या दिवसापासून बापूराव रोज मास्तरांच्या शाळेच्या वाटेवर उभे. “काय मास्तर, समुद्राचं काई?”

एका मार्गशीर्षात मास्तर म्हणाले, “उठलंय. मोठं आहे.”

दोन-तीन दिवसांत ढग आले, वारा सुटला, चाळ लख्ख दिसायला लागली. रमाबाईनं कित्येक दिवसांनी अंगण झाडलं. बापूरावांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मास्तरांच्या हातावर पेढा ठेवला तेव्हा मास्तरांच्या दुसऱ्या हातात वर्तमानपत्र होतं.

“अहो बापूराव, तिकडं माणसं बुडाली! गावंच्या गावं वाहून गेली! आणि तुम्ही पेढे काय वाटताय?”

बापूराव ओशाळले. पण मागं हटले नाहीत. “मास्तर, आमी का वादळ मांगतलं व्हतं? आमी त श्वास मांगतला. देवानं तोच असा देल्ला, त आमी काय करावं?”

मास्तरांनी पेढा घेतला. खाल्ला नाही, खिशात ठेवला.

ह्याच किश्श्याचं शेपूट असं, की संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. दर्यापूरकडचा एक शेतकरी, त्याची अख्खी गाडी भिजली. भिजलेला कापूस आम्ही काट्यावर घेत नव्हतो, म्हणजे मीच घेत नव्हतो, तसा हुकूम होता. तो गाडीखाली बसून राहिला. रमाबाईनं त्याला चहा नेऊन दिला. धाप न लागता एवढं अंतर ती बऱ्याच दिवसांनी चालली होती. तोंडावर आनंद दिसत असणार, कारण तो शेतकरी चहा घेताना म्हणाला, “बाई, तुमच्या घरी आज काई मंगल कार्य दिसून राह्यलं.”

रमाबाई कप घेऊन तशीच परत आली. 

* * *

तुम्ही म्हणाल, बाईला थंडीपुरतं माहेरी का धाडलं नाही? धाडलं होतं. भाऊ येऊन दिवाळीला घेऊन गेला. मळ्यातल्या हवेत बाई पंधरवड्यात टवटवीत झाली. पण दिवाळीला आलेली लेक कार्तिक सरला तरी परत जात नाही, मार्गशीर्ष सरला तरी जात नाही, म्हटल्यावर गावाला कामच मिळालं. ‘नवऱ्यानं टाकली’ इथपासून सुरुवात झाली. ‘दमा हाय म्हन्ते’ असं भावजय सांगायची, तर बाया म्हणायच्या, “दमा? आमाले त ठनठनीत दिसते!”

ठणठणीत दिसत होती, हीच अडचण. तिथं तिला दमा नव्हताच!

संक्रांतीच्या आत बाई आपणहून परत आली. गाडीतून उतरली, चाळीच्या फाटकात शिरली आणि खोकायला लागली. मी म्हटलं, “वहिनी, काहून आल्या? तिथं बऱ्या होत्या ना?”

म्हणाली, “भाऊजी, धुरानं छाती भरते. लोकायच्या बोलन्यानं काळीज भरते. छातीले निदान औशिद तरी भेटते.”

* * *

औषधावरून आठवलं. शेटजींच्या कानावर दम्याची गोष्ट गेली, तेव्हा त्यांनी खर्चाकडं न पाहता नागपूरहून मोठा डॉक्टर बोलावला. मघाशी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हते. डॉक्टर कधी आला असेल?

श्रावणात! हंगामात कोणाला सवड?

बाहेर हिरवंगार, पश्चिमेचा वारा, धुराड्यात पारव्यांनी घरटं केलेलं. डॉक्टरांनी रमाबाईच्या छातीला नळी लावली. खोल श्वास घ्यायला सांगितला. बाईनं घेतला. जिना चढून यायला सांगितलं. बाई चढून आली. डॉक्टरांनी चाळीभोवती फेरी मारली, हवा हुंगली आणि शेटजींना म्हणाले, “इतकी उत्तम हवा मी नागपुरातही पाहिली नाही. बाईंची प्रकृती उत्तम आहे. तक्रार मनाची आहे.”

बापूराव काकुळतीला आले. “डाक्टरसाहेब, एक डाव पौषात या जी. हात जोडतो.”

डॉक्टर शेटजींकडं वळून म्हणाले, “पाहिलंत? हेच ते मनाचं.”

तेव्हापासून चाळीत एक बोलणं रूढ झालं. कोणाचं पोट दुखलं, दाढ ठणकली, तरी रहीमभाई विचारायचे, “पण श्रावणात दुखते का?”

* * *

आता बदलीचं ऐका. शेटजींचं एक छोटं जिन चांदूर रेल्वेला होतं. तिथं मजुरांसाठी चाळ बांधलेलीच नव्हती, म्हणून माणसं गावात राहायची आणि मोकळा श्वास घ्यायची. तिथल्या डायव्हरला अकोल्याची हौस होती. म्हणजे अदलाबदल सहज होण्यासारखी. बापूरावांना त्याहून जास्त काही नको होतं.

त्यांनी पौषात शेटजींची गाठ घेतली. शेटजी म्हणाले, “अरे भाई, ऐन शिजनमध्ये डायव्हर बदलतात का? होळीनंतर ये.”

होळीनंतर गेले. शेटजी तीर्थयात्रेला गेलेले. आषाढात परत गेले. शेटजींनी आपुलकीनं जवळ बसवलं, सुपारी दिली आणि विचारलं, “आता कशी आहे बाईची तब्येत?”

बापूराव माळकरी. खोटं बोलायचं नाही, हे गळ्यातच बांधलेलं. म्हणाले, “आता बरी हाय जी.”

“बरी आहे ना? मग बदली कशाला?”

असं एका वर्षी झालं असतं तर मी सांगितलंही नसतं. दरवर्षी झालं! पौषात गरज असायची तेव्हा सवड नसायची, आषाढात सवड असायची तेव्हा गरज नसायची. आम्ही बापूरावांना किती समजावलं, की एकदा म्हणा ना, आताही आजारी आहे! रहीमभाई तर म्हणाले, “माळ काढून ठेव घंटाभर. परत घाल.” बापूराव म्हणाले, “माळ काढता येते रहीमभाई. तोंड कोनतं काढू?”

मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो. बायको गुदमरतेय आणि हा माणूस खरं बोलतोय! आणि ज्यांच्याशी खरं बोलत होता त्यांना खऱ्याची काडीची गरज नव्हती.

* * *

होमाचा किस्सा रहीमभाई आवडीनं सांगायचे, कारण त्यात ते लांब उभे राहून बघत होते.

पुन्हा तशीच थंडी, तोच पडलेला वारा. बापूरावांनी शेटजींना विनवलं, “मालक, बॉयलर थोडे दिवस दुपारलोक तरी बंद ठेवू द्या. ऊन्ह चढलं का धूर वर उचलते, मंग लावू.” शेटजी विरघळले. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “बॉयलर बंद नाही करता येत, बाहेर गाड्या उभ्या आहेत. पण बाईसाठी मी काही तरी करणार.”

आणि त्यांनी चाळीच्या अंगणात वायुदेवतेची शांती करवली! भटजी, समिधा, तूप, शेणाच्या गोवऱ्या, सगळं यथासांग. धूर पुष्कळ झाला, पण वर जाईना. म्हशी डबक्यात बसतात तसा अंगणात बसला. भटजी मंत्र म्हणता म्हणता ठसकले, यजमान ठसकले, चाळ तर आधीच ठसकत होती.

शेटजी डोळे पुसत म्हणाले, “आहुती वर गेली की देव वारा सोडेल.”

रमाबाई दाराला टेकून होती. तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं, तरी बोलली. “देवालेबी पोचू नाई देत जी ह्यो धूर. साऱ्या आहुत्या मलेच.”

* * *

आता एकच राहिला. हा मी फारसा सांगत नाही.

माझ्या त्या नोकरीच्या शेवटच्या-शेवटच्या वर्षांतला पौष. उत्तरेकडची थंडी येऊन मुक्कामाला बसली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. बंगालच्या समुद्रात काहीच नाही, असं मास्तर खाली मान घालून सांगून गेले. रमाबाईची फार वाईट अवस्था होती. घास घेतला की श्वास अडकायचा, श्वास घ्यायला तोंड उघडलं की घास. भाकरी समोर ठेवायची आणि तशीच उचलायची. कण्यांच्या पेजेच्या दोन पळ्यांवर किती दिवस निघणार? बाई नुसती हाडं उरली होती. आणि तिचा नवरा रोज पहाटे उठून, तिला उशीला टेकवून बसवून, समोरच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायला जात होता. त्याच्याच हातचा धूर त्याच्याच दारात येत होता.

त्या दिवशी सकाळी मी काट्यावर होतो. फाटकापासून पार रस्त्यापर्यंत गाड्या लागलेल्या. आणि एकदम जिन थांबलं. जिनाचा आवाज आमच्या कानांत इतका बसलेला, की तो थांबल्यावर आधी काय झालं तेच कळेना. मग बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. मजूर कापसाच्या रुईनं माखलेले बाहेर आले. गाडीवान ओरडायला लागले. मी वर बघितलं, तर धुराड्यातून काहीच निघत नव्हतं.

आम्ही बॉयलरकडं धावलो. बापूराव पायरीवर बसले होते. आग दाबून ठेवलेली, फावडं भिंतीला नीट टेकवलेलं. रहीमभाईंनी विचारलं, “क्या हुआ?” बापूरावांनी सरकून त्यांना पायरीवर जागा करून दिली. आम्ही पण मग तिथंच उभे राहिलो.

 ऊन वर आलं. कौलांवरचा धूर हळूहळू उचलला, विरळ झाला आणि चाळ दिसायला लागली, दारं दिसायला लागली.

तेवढ्यात शेटजी गादीवरून तरातरा आले. मागं मुनीम, त्याच्या मागं चार-पाच गाडीवान. शेटजींचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही.

“बापूराव, मशीन बिघडलं का?”

“नाई जी.”

“कोळसा सरला?”

“नाई.”

“मग बॉयलर काहून बंद?”

बापूराव उभे राहिले. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि चाळीकडं बोट दाखवलं. आम्ही सगळे तिकडं वळलो. रमाबाई दारातल्या उन्हात बसली होती. मांडीवर ताटली होती.

बापूराव म्हणाले, “घरवाली भाकर खाऊन राह्यली, शेटजी. खाऊ द्या. मंग पेटवतो.”